समुद्रावर वेध घेण्यासाठी आकाशातील ग्रह कसे शोधावेत

खगोलीय नौकानयनात, म्हणजे आकाशातील ज्योतींवरून जहाजाचे स्थान काढण्यात, वापरले जाणारे ग्रह चारच आहेत: शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे तो बहुधा क्षितिजाजवळच्या धूसर हवेतच राहतो आणि नॉटिकल अल्मनॅकच्या (नाविकांच्या खगोलीय पंचांगाच्या) रोजच्या कोष्टकांत त्याला स्थान नसते. बाकीचे ग्रह, विशेषतः शुक्र व गुरू, बहुतेक ताऱ्यांपेक्षा तेजस्वी असल्याने संध्याकाळी ताऱ्यांच्या आधी दिसू लागतात, आणि त्या वेळी क्षितिजाची रेघ अजून स्वच्छ असते. क्षितिज जितके स्पष्ट तितका सेक्स्टंटचा (क्षितिजापासून ज्योतीची उंची कोनात मोजणाऱ्या उपकरणाचा) वेध विश्वसनीय, म्हणून ही काही मिनिटे फार मोलाची असतात.

ताऱ्यांच्या जागा एकदा पाठ झाल्या की वर्षानुवर्षे उपयोगी पडतात. ग्रह मात्र क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गाच्या) आसपासच्या अरुंद पट्ट्यात सतत सरकत असतात. म्हणून आकाशात ग्रह शोधत बसण्यापेक्षा तो कोठे असेल हे आधी गणिताने काढावे आणि मग नेमके तेथेच पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्यासाठी प्रथम आपल्या अंदाजित स्थानावरील संधिप्रकाशाची वेळ जागतिक वेळेत काढावी. सूर्य क्षितिजाखाली ६ ते १२ अंश असतानाचा काळ वेधांसाठी सर्वसाधारणपणे योग्य असतो, तेजस्वी ग्रह त्याच्याही थोडे आधी सापडतात. त्या वेळेसाठी अल्मनॅकमधून ग्रहाचा ग्रीनिच होराकोन (ग्रीनिचच्या रेखावृत्तापासून पश्चिमेकडे मोजलेला कोन) आणि क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंतर) घ्यावी. होराकोनात आपले पूर्व रेखांश मिळवावेत, पश्चिम असल्यास वजा करावेत. बेरीज ३६० अंशांपेक्षा जास्त झाल्यास ३६० वजा करावेत आणि उत्तर ऋण आल्यास ३६० मिळवावेत. मिळालेला स्थानिक होराकोन १८० अंशांपेक्षा कमी असेल तर ग्रह याम्योत्तर वृत्ताच्या (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण वर्तुळाच्या) पश्चिमेस आणि जास्त असेल तर पूर्वेस असतो.

समजा, आपण १५ अंश उत्तर, ७० अंश पूर्व येथे आहोत आणि ग्रहाचा ग्रीनिच होराकोन २४५ अंश, क्रांती १० अंश दक्षिण आहे. स्थानिक होराकोन ३१५ अंश येतो, म्हणजे ग्रह याम्योत्तर वृत्ताच्या ४५ अंश पूर्वेस आहे आणि ते वृत्त ओलांडण्यास त्याला सुमारे तीन तास लागतील. अक्षांश व क्रांती यांच्या ज्यांचा (साइनांचा) गुणाकार (दक्षिण क्रांती ऋण धरून) आणि अक्षांश, क्रांती व होराकोन या तिघांच्या कोज्यांचा (कोसाइनांचा) गुणाकार यांची बेरीज म्हणजे उन्नतांशाची (क्षितिजापासूनच्या उंचीच्या कोनाची) ज्या. येथे उन्नतांश सुमारे ३८ अंश ५३ कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला) येतो आणि दिगंश (ग्रहाची दिशा दाखवणारा कोन) सुमारे ११७ अंश.

आता सेक्स्टंटवर हा उन्नतांश आधीच लावावा, होकायंत्राने दिशा धरावी आणि दुर्बिणीतून त्या बाजूचे क्षितिज सावकाश डावीकडून उजवीकडे पाहावे. दिगंश खऱ्या उत्तरेपासून मोजलेला असतो, त्यामुळे होकायंत्राचा चुंबकीय फरक आणि जहाजाच्या लोखंडामुळे होणारे विचलन विचारात घ्यावेच लागते. डोळ्याची उंची व प्रकाशाचे वक्रीभवन यांच्या काही कलांच्या दुरुस्त्या शोधण्यापुरत्या सोडून दिल्या तरी चालते, कारण दुर्बिणीत काही अंशांचे आकाश एकाच वेळी मावते. नुसत्या डोळ्यांनी पाहायचे असल्यास पुढे ताणलेल्या हाताची मूठ साधारण १० अंश धरावी. या उदाहरणातील ग्रह क्षितिजापासून जवळपास चार मुठी वर असेल.

हीच पद्धत भर दिवसा शुक्रासाठी वापरता येते, आणि माझ्या मते तिचा खरा लाभ तेथेच आहे. शुक्र सूर्यापासून जास्तीत जास्त सुमारे ४७ अंश दूर जातो. तो पुरेसा दूर असेल आणि हवा निर्मळ असेल, तर मोजलेल्या जागी दुर्बिणीत तो पांढऱ्या ठिपक्यासारखा सापडतो. दुर्बीण आधी दूरच्या क्षितिजावर नीट जुळवून घ्यावी, नाहीतर समोर असूनही तो दिसत नाही. आणि शोधताना दुर्बीण सूर्याकडे वळणार नाही याची कटाक्षाने काळजी घ्यावी. शुक्राचा आणि सूर्याचा दिगंश पुरेसा वेगळा असल्यास दोन्ही वेधांच्या स्थितिरेषा (ज्यांवर जहाज कोठेतरी असते अशा नकाशावरील रेषा) छेदून दिवसाच जहाजाचे स्थान मिळते.

ओळखीत चूक होऊ शकते ती मुख्यतः मंगळाच्या बाबतीत. त्याचे तेज फार बदलते आणि रंग तांबूस असल्याने ज्येष्ठा किंवा रोहिणी यांच्याशी गल्लत होते. ग्रह ताऱ्यांइतके लुकलुकत नाहीत हे खरे, पण क्षितिजालगत ही खूण भरवशाची राहत नाही. वेधातून काढलेली स्थितिरेषा अंदाजित स्थानापासून अनपेक्षितपणे दूर पडली, तर वेध टाकून देण्याआधी जवळपासच्या तेजस्वी ताऱ्याचे आकडे घेऊन तेच गणित पुन्हा करावे.