मागणी आधी, तपशील नंतर

मंजुरीसाठी सादरीकरण करायचंय? स्लाइड बनवण्याआधी एक वाक्य लिहा: बैठक संपताना समोरच्यांनी नेमकं काय मंजूर करायचं? ते पहिल्या २ मिनिटांतच बोला. मागणी शेवटासाठी राखली की वेळ संपतो आणि निर्णय पुढच्या बैठकीवर जातो.

शीर्षकातच निष्कर्ष द्या. ‘तिमाही विक्री’ नको. ‘डिलिव्हरीच्या उशिरामुळे विक्री घटली’ असं हवं. एका स्लाइडवर एकच आकडा, मोठा; पूर्ण तक्ता परिशिष्टात. स्लाइड वाचून दाखवू नका, लोक तुमच्याआधी वाचून मोकळे होतात आणि ऐकणं सोडतात.

२० मिनिटं मिळाली तर १२च बोला. बाकीची प्रश्नांना, कारण पारडं बहुधा तिथेच फिरतं. सर्वांत अवघड आक्षेप, बहुतेकदा खर्चाचा, स्वतःच आधी मांडा.

सराव उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून. मनातल्या मनात वाचलं की वेळेचा अंदाज हमखास चुकतो.