रॉयल ऑपेरा हाऊस नीट बघायचं असेल तर

मुंबईत गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस हे जुनं नाट्यगृह बघायला जाणार असाल तर बाहेरून फोटो काढून परत येऊ नका, खरी मजा आत आहे. त्यामुळे आधी कार्यक्रम कधी आहे ते बघा आणि नाटक असो, गाणं असो, एक तिकीट काढून ठेवा, शक्यतो बाल्कनीचं.

चर्नी रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. उजेड असताना पोचा आणि आधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहा, अगदी पुढ्यात गेलात तर वरचं काम दिसतच नाही. शैली युरोपातली बरोक, म्हणजे खांब, गोलाई, भरगच्च नक्षी, पण त्यात आपल्याकडचे बारकावेही मिसळलेत, ते शोधायला वेळ द्या. हे थिएटर बांधायची कल्पना कलकत्त्याहून नाटकं फिरवणारे मॉरिस बँडमन आणि मुंबईचे जहांगीर फ्रामजी कराका यांची, १९०८ सालची. १९११ मध्ये पंचम जॉर्ज राजाच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा बांधकाम अजून चालूच होतं!

आत गेल्यावर लगेच सीटवर जाऊन बसू नका. फॉयरमधली, म्हणजे प्रेक्षागृहाबाहेरच्या दालनातली मोठी झुंबरं बघा, ती मुंबईतल्या जुन्या व्यापारी ससून कुटुंबाने दिलेली, आधी त्यांच्या भायखळ्याच्या सान्स सूसी बंगल्यात होती (तिथे आता मसीना हॉस्पिटल आहे). मान वर करून घुमटही बघा, त्याचे आठ भाग केलेत आणि त्यातून कवी, कादंबरीकार, नाटककारांना मानवंदना दिलीय.

प्रेक्षागृहात शिरलात की प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा, हे कोणत्या काळात कशासाठी लागत होतं? ही सवय लागली ना की जुनी इमारत आपोआप कळायला लागते. आता बाजूचे बॉक्स, म्हणजे भिंतीलगतच्या छोट्या वेगळ्या बैठका बघा. तिथून स्टेज तिरकं दिसतं, तरी मानाची जागा तीच, कारण तिथे बसणाऱ्यांना सगळं थिएटर बघत असायचं. किंवा वरचं छत घ्या, ते असं बांधलंय की गॅलरीतल्या माणसालाही शब्द न शब्द ऐकू जावा. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ इथे गायलेत, आणि तेव्हा आजच्यासारखी साउंड सिस्टीम कुठली, आवाज पोचवायचं काम गळ्याने आणि या छतानेच करायचं. म्हणून मी बाल्कनी म्हटलं. माइक न लावता होणारी मैफल मिळाली तर अजिबात सोडू नका, डोळे मिटून ऐका, वास्तुकलेचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

मग सिनेमा आला. १९१७ पासून इथे चित्रपट दाखवायला लागले, पुढे हे पक्कं सिनेमाचं थेटरच झालं आणि त्या गरजेप्रमाणे आतलं बरंच रूप बदललं. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतलं, १९९३ ला मात्र बंदच पडलं आणि वीसहून जास्त वर्षं तसंच राहिलं. नंतर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धार केला, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये दारं परत उघडली आणि २०१७ ला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. त्यामुळे आज दिसणारं सगळंच १९११ चं नाही हे डोक्यात ठेवून बघा. एसी, लाइट, साउंड हे तर उघडच नवीन, पण प्लास्टरची नक्षी आणि रंग बघतानाही यातलं मूळचं किती, दुरुस्तीतलं किती असा विचार करत राहा.

हे सगळं करायला कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास तरी हातात हवा, एकदा आतले दिवे मंद झाले की छत दिसत नाही. नाहीच जमलं तर मध्यंतरात चहाच्या रांगेत न लागता परत फॉयरमध्ये या. फोटो काढायचे असतील तर आधी तिथल्या स्टाफला विचारा.