वस्तीतील अभ्यासिकेत शिकवायला जाताना या चुका टाळा

शाळा सुटल्यानंतर वस्तीतील समाजमंदिरात भरणाऱ्या अभ्यासिकांमध्ये जून-जुलैत नवे दादा-ताई मोठ्या उत्साहाने येतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांतील बरेचसे दिसेनासे होतात. माझ्या मते याहून गंभीर चूक दुसरी नाही, कारण ताई का आली नाही हे मुलांना कोणी सांगत नाही आणि आपलेच काहीतरी चुकले असावे, अशी समजूत ती करून घेतात. आठवड्यातील तीन दिवसांचा शब्द देऊन तो मोडण्यापेक्षा एकच वार ठरवावा आणि पाळावा. काम थांबवायचे असेल, तर तीन-चार आठवडे आधी मुलांना स्वतः सांगावे.

इयत्ता पाहून शिकवायला सुरुवात करणे ही दुसरी चूक होय. पाचवीतील मुलगी ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिते, तेव्हा ‘चुकले, पुन्हा कर’ म्हटल्यास ती खोडून तेच उत्तर लिहील. दोन्ही घरांत मोठ्या अंकातून लहान अंक वजा केल्यामुळे तिच्या दृष्टीने रीत बरोबरच असते. अशा वेळी ‘कसे केलेस ते मला सांग’ एवढेच विचारावे. मग दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या तिच्यापुढे ठेवून सत्तावीस काड्या काढून द्यायला सांगावे आणि आपण गप्प बसावे. ही शांतता नव्या स्वयंसेवकाला फार जड जाते, पण थोड्या वेळाने ती स्वतःच एका गठ्ठ्याचे रबर सोडते, आणि हातचा म्हणजे काय हे तिला त्या क्षणी कळते. गृहपाठाची वही पूर्ण करून देण्याच्या घाईत नेमका हाच क्षण हातचा जातो.

वर्गात गोंधळ वाढला म्हणून कान धरून उभे करणे किंवा चारचौघांत ‘ढ’ म्हणणे टाळावे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. अभ्यासिकेनेही तोच दंडक पाळावा. मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

एखादे मूल ‘कोणाला सांगू नका’ म्हणून काही सांगू लागले, तर तसे वचन देऊ नये. ‘तुझ्या सुरक्षिततेसाठी गरज पडली, तर मला योग्य माणसाला सांगावे लागेल,’ हे आधीच स्पष्ट करावे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे पॉक्सो कायदा, २०१२ (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) नुसार बंधनकारक आहे. १०९८ या बालमदत क्रमांकावरही साहाय्य मिळते. मुलाला खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत. त्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि समन्वयकाला विलंब न लावता कळवावे.