डान्स ट्रॅक किती लाऊड ठेवायचा? मास्टरिंग (गाण्याला शेवटचा हात फिरवणं) करताना या चुका टाळा

तान्ह्या पोळ्याला नागपूरच्या बडग्या-मारबतीच्या मिरवणुकीत वाजवायला एक ट्रॅक केला होता. मीटरवर उणे ४.८ एलयूएफएस (फाईल किती मोठ्यानं वाजते त्याचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा), वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचं चित्र, विटेसारखा चौकोनी, आणि आपण खूश. इतवारीत डीजेवाल्या पोट्ट्यानं तो लावला, आधीच्या गाण्याशी जुळवायला गेनचं (आवाज कमी-जास्त करायचं) बटण मागे घेतलं आणि विचारलं, "भाऊ, तुमच्या गाण्यात किक काहून मरून राहिली?" किक म्हणजे ठेक्याचा 'धप्प' वाजणारा ढोल. आधीचं गाणं घरी येऊन मोजलं. उणे ७.९. म्हणजे माझ्यापेक्षा तीन डीबी हळू, पण छातीत बसत होतं तेच.

आवाज किती ठेवायचा हे शेवटी डीजेच्या हातात असतं. तुम्ही लिमिटरनं (ठरलेल्या पातळीवर आवाज अडवणाऱ्या प्लगइननं) कापलेलं किकचं टोक मात्र त्याला परत आणता येत नाही.

मोठा वाजतो म्हणजे चांगला वाजतो, असं समजणं

यात जुनेजाणतेही फसतात. लिमिटरमध्ये ६ डीबी चढवले की सगळंच भारी वाटतं. कान असेच आहेत, आवाज वाढला की बास आणि चमक दोन्ही जास्त ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. म्हणून ६ डीबी चढवले तर आउटपुट तेवढंच खाली घ्या आणि मग लिमिटर चालू-बंद करून ऐका. किक 'धप्प'ची 'थप' झाली की तिथून दीड-दोन डीबी मागे या. रेफरन्स ट्रॅकही, म्हणजे तुलनेला घेतलेलं दुसऱ्याचं गाणं, असाच जुळवून ऐकायचा, आणि तो विकत घेतलेली वेव्ह फाईल हवी, यूट्यूबवरून ओढलेला नको.

स्पॉटिफायचा आकडा डीजेच्या फाईलला लावणं

उणे १४ एलयूएफएस ही स्पॉटिफायची ऐकवण्याची पातळी आहे. त्याहून मोठं गाणं ते स्वतःच खाली घेतात. पेनड्राइव्हवरच्या फाईलला कोणी हात लावत नाही. उणे १४ चा ट्रॅक डीजेच्या सेटमध्ये पडला की डीजेनं गेन बराच उघडेपर्यंत तो बिचारा मागेच राहतो. क्लबचं बरंचसं संगीत उणे ९ ते उणे ६ मध्ये असतं. तेही पूर्ण गाण्याची सरासरी पाहून ठरवू नका, लांब ब्रेकडाऊन (ठेका थांबतो तो शांत भाग) ती खाली ओढतो. ड्रॉपवर, म्हणजे ठेका पूर्ण जोरात येतो तिथं, शॉर्ट-टर्म पाहा, म्हणजे तीन सेकंदांचं माप. मी तिथं उणे ७ च्या आसपास थांबतो.

कूलर चालू ठेवून निर्णय घेणं

हसू नका. मे महिन्यात पारा ४५ वर असताना नागपुरात कोणाची हिंमत आहे कूलर बंद करायची? पण त्याची घरघर नेमका आवाजाचा खालचा भाग झाकते. मग आपण सब, म्हणजे सगळ्यात खोल बास, वाढवतो, आणि तो वाढलेला सब लिमिटरची सगळी जागा खातो. दहा मिनिटं घाम गाळा, मॉनिटरचं बटण एका जागी ठेवा, ऐका, मग कूलर लावा.

मिक्सचा दोष लिमिटरवर ढकलणं

उणे ९ लाच आवाज फाटत असेल तर लिमिटर बदलून फरक पडणार नाही. किक आणि बास एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात भांडत असतील. साइडचेननं बासला किकपुढे वाकवा (किक वाजली की बास क्षणभर दबतो), २५-३० हर्ट्झखालचा निरुपयोगी गाळ काढा, सब मोनो (दोन्ही स्पीकरमध्ये एकसारखा) ठेवा. बहुतेक वेळा दोन डीबी फुकटात मिळतात. किकची टोकं आधी क्लिपरनं (टोकं सरळ छाटणाऱ्या प्लगइननं) थोडी घासली तर लिमिटरला कमी ओढावं लागतं.

डेसिबलचा घोळ

रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, म्हणून एकानं मास्टरच हळू मागितला होता. ती मर्यादा हवेतल्या आवाजाची, फाईलमधल्या एलयूएफएसची नाही. तिथं अ‍ॅम्प्लिफायर कमी करायचा असतो.

वेव्हमध्ये स्वच्छ आणि एमपीथ्रीत करकर, असं झालं तर लिमिटरची ट्रू पीक (आवाजाच्या खऱ्या टोकाची) मर्यादा उणे १ डीबी करा. एन्कोडिंगमध्ये टोकं वर जातात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.