इदोमधील ‘दोनार’ हे क्रियापद कसे चालवावे

इदो ही पॅरिसमध्ये 1907 साली भरलेल्या समितीच्या कामातून निघालेली, एस्पेरांतो या आंतरराष्ट्रीय वापरासाठी रचलेल्या कृत्रिम भाषेत सुधारणा करून घडवलेली भाषा आहे. तिची क्रियापदे चालवायला शिकताना ‘दोनार’, म्हणजे ‘देणे’, या क्रियापदापासून सुरुवात करावी, कारण त्याचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. लॅटिन ‘दोनारे’वरून आलेला हा शब्द फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिशमध्येही आढळतो, आणि लॅटिन ‘दोनुम’ (देणगी) व संस्कृत ‘दान’ एकाच आदिम धातूपासून निघालेले आहेत. आपल्या ‘दोन’शी मात्र त्याचा काडीचाही संबंध नाही.

प्रथम ‘आर’ काढून ‘दोन-’ हे अंग वेगळे करावे आणि त्याला काळाचा प्रत्यय जोडावा: वर्तमानाला ‘दोनास’, भूतकाळाला ‘दोनिस’, भविष्याला ‘दोनोस’. संकेतार्थी ‘दोनुस’ (दिले असते) आणि आज्ञार्थी ‘दोनेझ’ होते; यातला झ ‘माझा’तल्यासारखा उच्चारावा, ‘झेंडा’तल्यासारखा नव्हे.

मराठी माणूस अडखळतो तो पुढे. ‘मी पुस्तक दिले’ आणि ‘मी वही दिली’ यांत आपले क्रियापद कर्माचे लिंग पाहून बदलते, तर वर्तमानकाळात ‘देतो’ की ‘देते’ हे कर्ता ठरवतो. इदोत क्रियापदाला लिंग नाही, वचन नाही आणि पुरुषही नाही. ‘मे दोनिस’, ‘एल दोनिस’, ‘नि दोनिस’ (मी, तिने, आम्ही दिले) यांत प्रत्यय तोच राहत असल्यामुळे कर्ता गाळून चालत नाही. ‘एल दोनिस ला लिब्रो आ मे’ म्हणजे ‘तिने मला ते पुस्तक दिले’.

आ, इ, ओ हे काळाचे तीन स्वर पक्के झाले की बाकीची रूपे पाठ करावी लागत नाहीत. ‘दोनांता’ म्हणजे देणारा, ‘दोनिंता’ म्हणजे ज्याने दिले आहे तो, ‘दोनोंता’ म्हणजे देणार असलेला. कर्मणी धातुसाधितांत हेच स्वर ‘दोनाता’, ‘दोनिता’, ‘दोनोता’ असे येतात. ‘दिले होते’ म्हणायचे असल्यास मध्ये ‘आब’ घालून ‘दोनाबिस’ करावे, आणि कर्मणी प्रयोगासाठी ‘एस’ घालावा: ‘ला लिब्रो दोनेसिस आ मे’, म्हणजे ते पुस्तक मला दिले गेले.

उच्चारताना ‘दोनार’मध्ये आघात शेवटच्या अक्षरावर येतो, तर ‘दोनास’मध्ये तो ‘दो’वर असतो.