काल्दु वेर्द करताना या चुका टाळा

बटाटा, कांदा, लसूण, ऑलिव्ह तेल आणि केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पानं. उत्तर पोर्तुगालच्या मिन्यू भागातलं काल्दु वेर्द हे सूप एवढ्यावरच होतं. पोर्तू शहरात २३ जूनच्या रात्री, सां जुआंवच्या उत्सवात, लोक ते रस्त्यावर उभ्याने पितात. यात मसाला नाही, त्यामुळे चूक झाकायलाही काही नाही.

आपल्या हाताला सवय असते ती कांदा तांबूस होईपर्यंत परतायची. इथे ती आवरा. तांबूस कांद्याने सूप मळकट दिसतं आणि बटाट्याची सौम्य चव मागे पडते. ४ जणांसाठी अर्धा किलो बटाटे, १ मध्यम कांदा, २-३ लसूण पाकळ्या, मीठ आणि २ मोठे चमचे ऑलिव्ह तेल, सगळं कच्चंच सव्वा लिटर पाण्यात घालून मऊ शिजवा. जिरं-मोहरी नको, हळद तर नकोच. कुकर चालेल, पण पानं घालण्याआधी झाकण बाजूला ठेवायचं.

सूप चिकट, तार सुटल्यासारखं झालं तर दोष मिक्सरचा. शिजलेला बटाटा पात्यांखाली फार वेळ फिरला की त्याच्या पेशी फुटतात आणि स्टार्च मोकळा होऊन खळ तयार होते. ती दुरुस्त होत नाही. पाणी घातलं तर फक्त पातळ खळ मिळते. पोर्तुगीज घरांत यासाठी हाताने फिरवायची चाळणी असते, पास-व्हीत म्हणतात तिला. आपल्याकडची रवी हे काम छान करते. थोडे कण राहिले तर राहू द्या. नवे, पातळ सालीचे बटाटे नीट घोटले जात नाहीत, म्हणून जुना, पिठूळ बटाटा घ्या.

सगळ्यात जास्त बिघाड पानांत होतो. मूळ भाजी कोव्ह गालेगा, म्हणजे गड्डा न धरणारी उंच कोबी. ती मिळाली नाही तर केल घ्या. नाहीतर नवलकोलाची कोवळी पानं. तीही कोबीच्याच कुळातली, आणि माझ्या मते केलपेक्षा बरी. गोव्यात काही घरांत पालक घालतात, पण तो लगेच गळतो आणि दाताखाली काही लागत नाही. मधला जाड दांडा काढा, पानं एकावर एक रचून घट्ट गुंडाळा आणि धारदार सुरीने जेमतेम मिलिमीटरभर रुंदीचे धागे कापा. पट्ट्या जाड राहिल्या की शिजायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात रंग जातो.

हिरवा रंग शेवाळी होतो तो जास्त वेळ शिजवल्याने आणि झाकणाने. पानांतून निघणारी आम्लं वाफेबरोबर बाहेर पडायला हवीत. ती आत कोंडली की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि रंग मरतो. म्हणून सूप खळखळतं असताना साधारण २०० ग्रॅम पानं घाला, भांडं उघडं ठेवा आणि कोवळ्या पानांना ३ ते ५ मिनिटं द्या. लिंबू पिळायचा मोह नको.

पातळ वाटलं तर पानं घालण्याआधीच आटवा, घट्ट वाटलं तर उकळतं पाणी घाला. उरण्याची शक्यता असेल तर घोटलेलं सूप आणि चिरलेली पानं वेगवेगळी ठेवा.

वाढताना वर कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार आणि शोरीसूची (डुकराच्या मांसाच्या धुरावलेल्या सॉसेजची) एखादी चकती. गोव्याचं चोरीस मात्र व्हिनेगर आणि लाल मिरचीचं असतं. ते भांड्यात उकळलं तर सूप लाल-आंबट होतं. घालायचंच तर वेगळं परतून बशीत द्या. शाकाहारी मंडळींनी चकती वगळली की झालं. पोर्तुगालच्या हॉटेलात मात्र नुसतं 'चकती नको' म्हणून भागत नाही, कारण शोरीसू अनेकदा सूपमध्येच उकळलेलं असतं. मागवण्याआधी विचारा.