बीटलचे चिकटणारे ब्रेक: दोष सिलिंडरात नव्हता, पेडलमध्ये होता

माझी १९६५ ची फोक्सवॅगन बीटल पहिले काही किलोमीटर छान पळायची, मग जड व्हायची. चारही चाकांचे ब्रेक ड्रम तापायचे आणि पेडल दगडासारखं घट्ट लागायचं. गॅरेजवाल्यांचा सल्ला एकच: मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पोचवणारा भाग) बदला.

बदलण्याआधी एक तपासणी जरूर करा. ब्रेक चिकटलेले असताना एका चाकाचा ब्लीडर निपल (ब्रेक ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) जरासा सैल करा. ऑइल पिचकारीसारखं उडतं, म्हणून नळी लावून बाटलीत घ्या. माझी चारही चाकं तिथल्या तिथे मोकळी झाली. म्हणजे दाब आत अडकून राहत होता.

कारण असं. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे यायला हवा, तरच सिलिंडरातलं बारीक भोक उघडं राहतं आणि तापून फुगलेलं ऑइल टाकीत परततं. पुशरॉड (पेडलपासून पिस्टनला ढकलणारा दांडा) पिस्टनला सतत टेकलेला असेल तर ते भोक रबरी कपाखाली झाकलेलंच राहतं. मग ऑइल जितकं तापेल तितके ब्रेक आवळत जातात.

बीटलमध्ये पुशरॉड आणि पिस्टन यांत १ मिमी फट लागते. पेडलच्या टोकाशी ती साधारण ५ ते ७ मिमी ढिलाई म्हणून हाताला जाणवते. माझ्या गाडीत ढिलाई शून्य होती. पुशरॉडच्या लांबीला मी हात लावला नाही, लावूही नये. पेडलमागची स्टॉप प्लेट (सोडलेलं पेडल जिला येऊन टेकतं ती पट्टी) सैल करून सीटच्या दिशेने किंचित सरकवली, हाताने ढिलाई पाहिली, बोल्ट पक्का आवळला. पेडलची स्प्रिंगही नवी घातली, कारण ती दमली की पेडल पूर्ण मागे येत नाही.

आता घाट उतरूनही चाकं हाताने सहज फिरतात. जुना सिलिंडर अजून तोच आहे.